पाहुण्यांसाठी शुद्ध युरिया

यवतमाळात रत्नप्रभा पांढरीपांडे यांच्याविषयी कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळेल: बाई कडक, पण हात स्वच्छ. प्रयोगशाळेतला हात म्हणताहेत लोक. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलगी काचेचं भांडं विसळल्यावर तळाशी बोट फिरवून बघते आणि ‘साधारण इतकं’ असं कधी म्हणत नाही. हे सगळं खरं आहे. पण प्रेरणा नरवाडे कॉलेजात आल्यापासून बाईंच्या पोटात काय जळत होतं, ते कुणी सांगणार नाही. कारण ते कुणाला ठाऊकच नव्हतं. एक डोमाजी सोडून. डोमाजी रसायनशास्त्र विभागाचा शिपाई. बाईंच्या टेबलावरचा कप उचलताना त्याला त्यांचं मन कळायचं. चहा अर्धा उरला की तो स्वतःशीच पुटपुटायचा, "आज पुन्हा गच्चीवर बुडबुडे निंगाले वाट्टे."

बाईंना मत्सर वाटत होता. उगाच मऊ शब्द शोधण्यात अर्थ नाही.

बाई स्वतः मात्र मऊ शब्द शोधत होत्या. त्यांचे वडील वामनराव जिल्हा कचेरीत होते. घरात शिस्त, वाचन आणि दुसऱ्याचं चांगलं झालं की आधी आपण पेढे आणायचे, असा दंडक. अशा घरात मत्सराला बसायला पाटसुद्धा मिळत नाही. त्यामुळे बाईंकडे तो आला तो नाव बदलून आला. कधी त्याचं नाव शिस्त असायचं, कधी काळजी, आणि बहुतेक वेळा शास्त्रीय शंका.

बाई नागपूरहून पदवी घेऊन आल्या तेव्हा तरुण होत्या आणि त्यांच्या डोक्यात एकच वेड होतं. पाण्यात एक विशिष्ट पावडर टाकायची आणि फ्लास्क उन्हात ठेवायचा. पावडर ऊन पिते आणि त्या जोरावर पाण्यातला हायड्रोजन सुटा करते. तो जाळला की धूर नाही, राख नाही, परत पाणीच. अडचण एवढीच, की त्या पावडरीला जोडीला धातू लागतो, आणि जगभरचे लोक त्यासाठी प्लॅटिनम वापरतात. बाईंचं म्हणणं, प्लॅटिनमच घालायचं तर मग तो सराफाचा धंदा झाला. लोखंड, निकेल, कोबाल्ट असल्या साध्यासुध्या धातूंवर हे जमलं पाहिजे. ऊन काय, यवतमाळात कुणाला मागावं लागत नाही. सगळं गाव त्याला शिव्या देतं, तेच कामाला लावायचं.

कॉलेजच्या गच्चीवर एक पडीक खोली होती, कबुतरांच्या मालकीची. ती बाईंनी मागून घेतली, स्वतः झाडली आणि तिथे कोबाल्ट धरून बसल्या. लग्न केलं नाही म्हणून लोक हळहळायचे. बाईंना हळहळायला सवडच नव्हती. कोबाल्टच्या पावडरीने त्यांना काय दिलं? पहिल्या तासाला थोडे बुडबुडे. मग सगळं शांत. दरवेळी हेच. नव्या सुनेने चार दिवस उत्साहाने घर आवरावं आणि मग अंथरूण धरावं, तसं त्या पावडरीचं चालायचं. एकदा विद्यापीठातून एक मोठे तज्ज्ञ आले होते. त्यांनी बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहिली, मग बाईंच्या पाठीवर थोपटल्यासारखं बोलले, "छोट्या कॉलेजात असंच व्हायचं. पण हौस म्हणून छान आहे." हौस! रांगोळी ही हौस असते. बाई तो शब्द कधी विसरल्या नाहीत.

आणि मग प्रेरणा.

महागावच्या पुढच्या एका खेड्यातली ही मुलगी. बबनराव नरवाड्यांची. घरी कापूस, सोयाबीन, तूर. बीएस्सीला एसटीने येऊन-जाऊन करायची, पहिल्या तासाला हमखास उशिरा यायची आणि बाईंची बोलणी खाऊनही पुढच्याच बाकावर बसायची. बाईंनी तिला घडवलं, यात खोटं काही नाही. वजनकाटा कसा वाचायचा इथपासून शिकवलं. ती पुढे शिकायला बाहेर गेली, पीएचडी करून आली आणि तासिकेवरची प्राध्यापिका म्हणून त्याच विभागात रुजू झाली. म्हणाली, "मॅडम, गच्चीवरच्या खोलीत एक कोपरा द्याल का मला?" बाईंनी मोठ्या मनाने दिला. मोठं मन दाखवायला कोपराच होता तोवर बरं होतं.

प्रेरणाची रीत अगदी सोपी. युरिया झाकणाच्या मुशीत घालून भट्टीत तापवायचा. पांढऱ्याची मळकट पिवळी पावडर होते. तिच्यावर निकेल आणि लोखंडाचे क्षार नखभर बसवायचे. ती पावडर पाण्यात, पाण्यात थोडं ग्लिसरीन, आणि फ्लास्क उन्हात. नळीचं दुसरं टोक पाण्याने भरून पालथ्या घातलेल्या मोजपात्रात. पहिल्याच हंगामात त्या नळीतून बुडबुडे यायला लागले ते दिवस मावळेपर्यंत थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी तीच पावडर, तसेच बुडबुडे. तिसऱ्या दिवशीही.

बाई आपल्या कोबाल्टपाशी पाठ करून बसायच्या. पण कानाला पाठ करता येत नाही. बुडूक. बुडूक. त्या आवाजाने त्यांचं डोकं उठायचं. पोरी गच्चीवर धावत यायच्या, "प्रेरणा मॅम, आम्हाला दाखवा ना!" यातल्या एकीनेही कधी कोबाल्ट दाखवा म्हटलं नव्हतं. वर्तमानपत्रवाले आले, फोटो काढून गेले. छापून आलं तेव्हा प्रेरणा फ्लास्क धरून मधोमध, आणि उजव्या कडेला एक खांदा आणि करड्या पदराची किनार. तो खांदा रत्नप्रभाबाईंचा. बाजारात भेटलेला प्रत्येक जण म्हणाला, "तुमची विद्यार्थिनी हो!" बाई म्हणायच्या, "हो तर, माझीच." आणि तो ‘माझीच’ गिळताना त्यांना पाणी लागायचं.

एकदा प्रेरणाची आई आली. तानाबाई. कापडी पिशवीत गावरान भेदरं, म्हणजे टोमॅटो, लालबुंद, आणि कागदात बांधलेल्या शेंगा. पायऱ्या चढून दमल्या होत्या, तरी आल्या आल्या बाईंच्या पायाला हात लावायला वाकल्या. बाई मागे सरल्या.

"अहो, हे काय? बसा आधी."

"बसतो जी. पाहाले आली, हे पोट्टी इथं काय करून राह्यली तं. म्हणते पानी पेटते. म्या म्हटलं, बाई, चुलीतलं लाकूड पेटत नाही पावसात, तुहं पानी कसं पेटते व?"

प्रेरणा हसत म्हणाली, "पाणी नाही पेटत आई, त्यातला वायू पेटतो."

"थेच थे." तानाबाई बाईंकडे वळल्या. "मॅडमजी, आमी निस्तं जन्माले घातलं हिले. घडवलं तुमीनंच. आता मोठी झाली तं नाव तुमचंच होईन."

बाईंनी भेदरं घेतली, आभार मानले, गोड हसल्या. संध्याकाळी घरी गेल्यावर त्यातलं एक चिरलं आणि तसंच ताटलीत ठेवून दिलं. नाव तुमचंच होईल! कुठे होतं नाव? कडेला खांदा होता.

मग शास्त्रीय शंकेने जोर धरला. इतकं सोपं असतं तर आपल्याला इतकी वर्षं का जमलं नाही? पोरगी काहीतरी लपवते आहे. उन्हाच्या तापानेच पाण्यातली हवा सुटत असेल आणि ही तिला हायड्रोजन म्हणत असेल. बाईंनी तिला फर्मावलं, "एक फ्लास्क काळ्या कापडात गुंडाळून शेजारी ठेव. ऊब लागेल, उजेड नाही. त्यातून बुडबुडे आले तर तुझं सगळं मुसळ केरात."

"ठेवते ना मॅडम. मीच म्हणणार होते."

झाकलेल्या फ्लास्कातून एक बुडबुडा आला नाही. उघड्यातून येत राहिले. बाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग त्यांनी जे केलं ते त्यांच्या विद्यार्थिनीने केलं असतं तर त्यांनी तिला वर्गाबाहेर उभं केलं असतं. प्रेरणा तासाला खाली गेलेली पाहून तिच्या रॅकवरच्या बाटलीतली थोडी पावडर त्यांनी काढून घेतली. पर्समध्ये त्यांच्या पित्ताच्या गोळ्यांची होमिओपॅथीची छोटी काचेची बाटली होती. गोळ्या तळहातावर ओतून तोंडात टाकल्या आणि बाटलीत पावडर भरली. गळ्यापर्यंत. म्हटलं, तपासून तर बघू, काय आहे ते.

तपासून काही कळलं नाही, तेव्हा त्यांनी स्वतः करून पाहायचं ठरवलं. कपाटातली युरियाची सीलबंद बाटली फोडली. ही त्यांनी शुद्धातली शुद्ध मागवून कुलपात ठेवलेली. प्रेरणाच्याच रीतीने तापवला, तेवढंच निकेल, तेवढंच लोखंड. पावडर आली लख्ख पिवळी, बघत राहावी अशी. उन्हात ठेवली. दोन-चार बुडबुडे, मग शांतता. अगदी कोबाल्टसारखी. बाईंना वाईट वाटायला हवं होतं. वाटला तो आनंद. खोटं आहे तर! पोरगी खोटी आहे!

पण तिची पावडर तर त्यांच्या डोळ्यांदेखत चालत होती. हे कोडं काही सुटेना.

त्याच सुमारास पत्र आलं, की विद्यापीठाची समिती दिवाळीच्या सुटीनंतर येणार आणि प्रेरणाचं काम प्रत्यक्ष पाहणार. प्राचार्यांनी बाईंना बोलावून सांगितलं. पसंत पडलं तर गच्चीवर सौर रसायन केंद्र होईल आणि ते प्रेरणाकडे जाईल. "तुम्हाला काय हो, निवृत्ती जवळच आली. तुमचं सामान खाली स्टोअरमध्ये हलवू." प्राचार्य हे सहज बोलले. पंखा बंद करा म्हणावं इतक्या सहज. आणि समितीला पटलं नाही तर? तर खोली आहे तशीच. बाईंची.

सुटी संपली आणि एका सकाळी बाई भट्टीच्या खोलीपाशी थबकल्या. कडू, तेलकट, ओळखीचा वास. आत प्रेरणा एका जुन्या बिस्किटाच्या डब्यातून मुशीत दाणे ओतत होती.

"हा कसला वास गं?"

"युरिया आहे मॅडम. घरचा. आपला लॅबमधला संपला तेव्हा बाबांच्या पोत्यातला आणला, तेव्हापासून हाच वापरते. त्याला कडुनिंबाचं तेल लावलेलं असतं ना, त्याचा वास. समितीसाठी नवी पावडर करायला घेतली. जुनी सरावात संपली."

बाईंचा पारा चढला. खतावर? आपण काचेला डाग पडू देत नाही आणि ही खतावर नाव कमावते?

"प्रेरणा, तुला काही वाटतं का? समितीपुढे खताचा डबा मांडणार? घरी पाहुणे आले की तू त्यांना कान तुटलेल्या कपात चहा देतेस?"

प्रेरणाचं तोंड लाल झालं. "नाही मॅडम... पण रिझल्ट चांगला येतो म्हणून..."

"रिझल्ट! आतापर्यंत खतावर आला, तर शुद्धावर किती येईल? एवढं शिकून आलीस आणि शेवटी वावरातलंच उचलून आणलंस."

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. प्रेरणाने डब्याचं झाकण लावलं. हळू, आवाज न करता. बाईंना ते दिसलं, आणि खोटं कशाला, बरंही वाटलं. मग त्या तरातरा गेल्या, कपाट उघडलं आणि आपली शुद्ध युरियाची बाटली आणून तिच्या हातात दिली. "घे. माझी आहे. पाहुण्यांसाठी चांगलं काढायचं असतं."

प्रेरणाचे डोळे भरून आले. "थँक्यू मॅडम." बिस्किटाचा डबा तिने डोमाजीला दिला. डोमाजीने विभागापुढच्या गुलाबांना तो सगळा युरिया घातला आणि वर पाणी दिलं.

संध्याकाळी बाई दत्त चौकातून घरी चालल्या होत्या. भाजीवालीने मेथीची जुडी पुढे केली, बाईंनी हात पुढे केला, आणि हात तसाच राहिला. आपली पावडर कोणत्या युरियाची होती? या बाटलीतल्या. पोरीची? त्या डब्यातल्या. कोडं सुटलं. पोरगी काही लपवत नव्हती. तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. जे काही होतं ते त्या कडू तेलात होतं. तेल जळून त्याचा कोळसा पावडरीत बसत असेल, पावडर काळपट होत असेल आणि जास्त ऊन पीत असेल. तिची पावडर शेणकट पिवळी का दिसते, याचं उत्तर तेच.

"बाई, घेता का नाही?" भाजीवाली म्हणाली.

"घेते ना, घेते."

फोन पर्समध्ये होता. एक फोन करायचा होता: प्रेरणा, थांब, घरचाच वापर. बाईंनी मेथी घेतली. घरी जाऊन निवडली. एकेक पान, कधी नव्हे इतक्या निगुतीने. फोन केला नाही. खात्री कुठे आहे, असं त्यांनी मनाला सांगितलं. बिनखात्रीचं बोलणं शास्त्राला धरून नाही. बघा, शास्त्र कसं वेळेला धावून येतं!

त्यानंतर प्रेरणा रोज समोर होती आणि बाई रोज गप्प होत्या. वीज सारखी जायची, भट्टी मध्येच गार पडायची. समिती येण्याच्या आदल्या दिवशी सूर्य कलल्यावर एकदाची मूस बाहेर निघाली. प्रेरणा पावडर घेऊन धावत आली.

"मॅडम, बघा किती स्वच्छ रंग आलाय! जुनी किती मळकट होती. आता उन्हात लावून बघायला वेळ नाही, पण रंगच सांगतोय ना?"

लख्ख पिवळी. बाईंनी हा रंग आधी पाहिला होता.

"हो," बाई म्हणाल्या. "छान."

दुसऱ्या दिवशी ऊन कडक पडलं होतं. गच्चीवर मांडव घालून खुर्च्या टाकल्या होत्या. समितीचे अध्यक्ष तुलनेने तरुण होते, डोळ्यांवर काळा चष्मा, बोलणं मधाळ. प्रेरणाने नवी साडी नेसली होती. तिने छान समजावून सांगितलं, फ्लास्क उन्हात ठेवला, झाकलेला फ्लास्क शेजारी ठेवला, आणि सगळे नळीकडे बघत बसले.

बुडूक. पोरींनी टाळ्या वाजवल्या.

बुडूक.

मग काही नाही.

प्रेरणाने फ्लास्क हलवला, नळी तपासली, बूच दाबलं. पुन्हा वाट. चहा आला, कप रिकामे झाले. झाकलेला फ्लास्क आणि उघडा फ्लास्क, दोघं जुळ्या भावांसारखे मख्ख. प्रेरणाचा चेहरा बाईंना दिसत होता. तो चेहरा कसा दिसतो ते त्यांना आतून माहीत होतं. हेच तर हवं होतं ना? खोली राहिली. खांदा राहिला नाही कुणाच्या फोटोच्या कडेला. बाई वाट बघत होत्या, आता बरं वाटेल म्हणून. पर्स मांडीवर होती आणि पर्समध्ये ती गोळ्यांची बाटली. जगात उरलेली तेवढीच जुनी पावडर.

अध्यक्ष उठले. रुमालाने मान पुसत प्रेरणाला म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका मॅडम. छोट्या कॉलेजात असं व्हायचंच. साधनं नसतात. पण हौस म्हणून कौतुक आहे तुमचं."

रत्नप्रभाबाई ताडकन उठल्या. खुर्ची मागे पडली. त्यांना प्रेरणाची दया आली असं कुणी समजू नये. त्यांना राग आला. या पोरीला हरवायचं तर ते आपण हरवू. तो हक्क आपला, जळलो आपण आहोत. हा कोण काल आलेला?

"बसा खाली," त्या अध्यक्षांना म्हणाल्या. "ऊन अजून आहे. डोमाजी, छोटा फ्लास्क आण."

"मॅडम?" प्रेरणा म्हणाली.

बाईंनी पर्स उघडली आणि ती बाटली सगळ्यांसमोर टेबलावर ठेवली. "ही हिची जुनी पावडर. आज लावली ती माझ्या शुद्ध युरियाची आहे, म्हणून बंद पडली. ही खताच्या युरियाची आहे, कडुनिंबाचं तेल लावलेल्या. लावून बघा."

प्रेरणा बाटलीकडे बघत होती. ‘पित्तासाठी, दिवसातून दोनदा’ असं त्यावर अजून लिहिलेलं होतं. "ही तुमच्याकडे कशी मॅडम?"

"उचलली होती. तुझ्या रॅकवरून."

प्राचार्य खोकले. अध्यक्षांनी काळा चष्मा काढला. बाईंचे कान तापले. त्यांनी पावडर ओतली, पाणी, ग्लिसरीन, हवा काढून टाकली, बूच लावलं, आणि दुसरा फ्लास्क स्वतः काळ्या कापडात गुंडाळून शेजारी ठेवला.

थोडा वेळ गेला.

बुडूक. बुडूक. बुडूक.

मोजपात्रातलं पाणी खाली सरकत गेलं, सरकत गेलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे नुसते बघत होते. पुरेसा वायू जमल्यावर प्रेरणाने पात्र उचललं, डोमाजीने काडी ओढून पुढे केली आणि पात्राच्या तोंडाशी ‘फट्’ असा छोटासा, खणखणीत आवाज झाला.

"पेटलं बाप्पा पानी!" डोमाजी ओरडला.

मग एकच गलका. समितीचे लोक प्रेरणाभोवती, पोरी प्रेरणाभोवती, प्राचार्य सगळ्यांभोवती. अध्यक्ष ‘केंद्र इथेच होईल’ म्हणून मोकळे झाले होते आणि तेलाबद्दल विचारत होते, आणि प्रेरणा म्हणत होती, "ते मॅडमनी ओळखलं, त्यांना विचारा." फोटोवाल्याने हाक मारली. प्रेरणाने बाईंना मनगटाला धरून मधे ओढलं. त्या फोटोत बाई अख्ख्या आल्या आहेत. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा आहे.

सगळे जेवायला खाली गेल्यावर गच्चीवर दोघीच उरल्या. प्रेरणा भांडी धूत होती. तळाशी बोट फिरवून बघत.

"तुम्हाला कधी कळलं मॅडम? युरियाचं?"

"बाटली दिली त्या संध्याकाळी."

पाण्याची धार चालू राहिली. "म्हणजे काल मी रंग दाखवायला आले तेव्हा माहीत होतं."

"होतं."

"आणि तुम्ही छान म्हणाल्या." प्रेरणाने नळ बंद केला. रागावल्यावर तिची गावाकडची बोली वर यायची. "काहून मॅडम? मी काय केलतं तुमचं?"

"काही नाही. जळत होते तुझ्यावर."

प्रेरणाने फ्लास्क रॅकवर पालथा घातला. दुसराही त्याच्या शेजारी ठेवला. मग म्हणाली, "आणि आता?"

"आताही."

तिने पदराला हात पुसले.

"त्या डब्यात काही उरलंय का?" बाईंनी विचारलं.

"डोमाजीने गुलाबाला घातलं."

"मग घरून आणखी मागव. माझं कोबाल्ट त्या पावडरीवर बसवून बघायचंय मला. निकेलपेक्षा चांगलं चालेल."

"इथे?" प्रेरणाने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "ही खोली आता माझ्याकडे आहे मॅडम. कोपरा पाहिजे असेल तर मागा. आणि युरिया तुमचा तुम्ही आणा. पाहुण्याला मी घरचं देत नसते."

बाईंना ते झोंबलं. आणि खरं सांगायचं तर त्यात त्यांना आपलाच आवाज ऐकू आला. शिकवण वाया गेली नव्हती. "दे कोपरा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नप्रभाबाई कृषी केंद्रासमोर रांगेत उभ्या होत्या. गव्हाच्या पेरणीचे दिवस, युरियाला ही झुंबड. पुढे धोतरं, मागे टोप्या, मधे इस्त्रीची साडी आणि हातात पर्स. त्यांचा नंबर आला. त्यांनी आधार कार्ड दिलं, मशीनवर अंगठा टेकवला. दुकानदाराने मान वर करून त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मॅडम, वावर कुठं हाये तुमचं?"

"गच्चीवर," बाई म्हणाल्या. "आणि लवकर कर. शेजारणीचं पीक माझ्यापुढं गेलंय."